रिमोटवरचं 'ऑडिओ' बटण दाबलं की बोलायला लागतो तो कोण?

चित्रपट ऐन रंगात आलेला असतो. कोणाचा तरी अंगठा रिमोटवरच्या 'ऑडिओ' बटणावर पडतो आणि पात्रांचे आवाज एकदम खाली जातात. त्यांच्यावरून कोणी अनोळखी माणूस निवांत बोलायला लागतो: हा पाऊस टँकरचा आहे, ती मागची भिंत प्लायवूडची आहे, आणि या नटाला त्या दिवशी ताप होता. घरातली मंडळी आधी टीव्हीला नावं ठेवतात, मग डिस्कला, आणि डिस्क आमच्या इंदूरच्या जेल रोडवरून घेतलेली असली तर दुकानदारालाही. बिघडलेलं मात्र काहीच नसतं. तो बोलणारा माणूस म्हणजे बहुतेक वेळा त्याच चित्रपटाचा दिग्दर्शक, कॅमेरामन, संकलक किंवा एखादा अभ्यासक. याला ऑडिओ कॉमेंट्री म्हणतात. चित्रपटाच्या डीव्हीडी आणि ब्लू-रेवर मूळ चित्रपटासोबत जे 'बोनस' दिलं जातं, त्यातली माझ्या मते सगळ्यात मोलाची आणि आपल्याकडे सगळ्यात कमी ऐकली गेलेली चीज.

आम्हा इंदूरकरांना कॉमेंट्री म्हटलं की आधी सुशील दोशी आठवतात. होळकर स्टेडियममधल्या कॉमेंट्री बॉक्सला त्यांचं नाव आहे, आणि २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. रेडिओवर क्रिकेट सांगणाऱ्याचं काम सोपं नाही, पण स्पष्ट आहे. ऐकणाऱ्याला मैदान दिसत नाही, तेव्हा गोलंदाज कुठून धावत आला, चेंडू कुठे पडला, क्षेत्ररक्षक किती पळाला, सगळं शब्दांत उभं करायचं. चित्रपटाच्या कॉमेंट्रीत नेमकं उलटं असतं. दिसतंय ते सांगायचंच नाही. 'आता ती दार उघडते' असं म्हणणारा दिग्दर्शक आपला वेळ फुकट घालवतोय. दाराच्या पलीकडे खोलीच नव्हती, ती खोली दुसऱ्या शहरात दोन महिन्यांनी चित्रित केली, हे सांगितलं तर ऐकण्यात अर्थ.

दिसतंय ते शब्दांत सांगणारा आवाजही असतो, पण त्याचं काम वेगळं आणि नावही वेगळं: ऑडिओ डिस्क्रिप्शन. दृष्टिहीन प्रेक्षकांसाठी संवादांच्या मधल्या फटींत तो चाललेल्या हालचाली सांगतो. चित्रपटगृहांत अशी सोय असावी यासाठी केंद्राच्या माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने मार्च २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. ओटीटीच्या भाषांच्या यादीत हे नाव दिसलं तर ती दिग्दर्शकाची कॉमेंट्री समजू नका.

रिकाम्या जागेत सुचलेली कल्पना

डीव्हीडीच्या आधी लेझरडिस्क होती. १९७८ च्या अखेरीस ती अमेरिकेत विक्रीला आली. रुंदी ३० सेंटिमीटर, म्हणजे जुन्या एलपी रेकॉर्डएवढी, आणि दोन्ही बाजूंनी चकचकीत. भारतात ती फार थोड्या घरांत पोचली. या डिस्कवर आवाजासाठी दोन वाहिन्या होत्या, डावी आणि उजवी, आणि दोन्ही वेगवेगळ्या ऐकता येत. आता १९३३ च्या 'किंग काँग'सारखा जुना चित्रपट घ्या. त्याचा आवाज मोनो, एका वाहिनीत मावणारा. दुसरी वाहिनी मोकळीच. १९८४ मध्ये क्रायटेरियन या अमेरिकन कंपनीने या चित्रपटाची लेझरडिस्क काढली तेव्हा त्या मोकळ्या वाहिनीवर रोनाल्ड हेव्हर या चित्रपट-इतिहासकाराला बोलतं केलं. चित्रपट चालू आहे आणि हेव्हर सांगताहेत की ते माकड कसं हलवलं, कुठला भाग छोट्या प्रतिकृतीवर घेतला, काय कापलं गेलं. चित्रपटाच्या ऑडिओ कॉमेंट्रीची सुरुवात इथून धरतात.

पुढे मार्टिन स्कोर्सेसीसारखे दिग्दर्शक स्वतःच माइकसमोर बसू लागले. तरीही लेझरडिस्क महाग होती, हौशी लोकांपुरती होती. नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानमध्ये आणि मार्च १९९७ मध्ये अमेरिकेत डीव्हीडी आली, आणि तेव्हा कुठे हे प्रकरण घराघरांत गेलं.

डिस्कच्या पोटात काय असतं

कॉमेंट्रीला डिस्कवर किती जागा लागते, ती तिथे कशी बसते आणि प्लेअर ती कशी निवडतो, हे एकदा कळलं की पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात.

डीव्हीडीच्या नियमांप्रमाणे एका चित्रपटाला जास्तीत जास्त ८ ध्वनिपट, ३२ सबटायटल आणि ९ कॅमेरा-कोन देता येतात. हिंदी, इंग्रजी, तमिळ हे जसे तीन ध्वनिपट, तशी कॉमेंट्री हा चौथा. प्लेअरच्या लेखी तिच्यात आणि एखाद्या भाषेत काहीच फरक नाही.

जुनी डीव्हीडी संगणकात घालून पाहा. 'व्हिडिओ टीएस' नावाचा फोल्डर दिसेल आणि त्यात 'व्हीओबी' शेपटाच्या चार-सहा मोठ्या फाइली, प्रत्येक साधारण १ जीबीची. त्यात 'कॉमेंट्री' नावाची फाइल शोधायला जाल तर ती सापडणार नाही. कारण सगळं २,०४८ बाइटच्या पाकिटांत कापून एकमेकांत मिसळलेलं असतं: काही पाकिटं चित्राची, मग एखादं मूळ आवाजाचं, एखादं कॉमेंट्रीचं, मधूनच सबटायटलचं, पुन्हा चित्राची. डिस्क फिरताना लेझर सगळी पाकिटं वाचतो. तुम्ही निवडलेल्या आवाजाची पाकिटं पुढे जातात, बाकीची प्लेअर टाकून देतो. म्हणजे तुम्ही नेहमीसारखा चित्रपट पाहत असता तेव्हाही दिग्दर्शकाचं बोलणं लेझरखालून जातच असतं, सेकंदाला साधारण १२ पाकिटांच्या वेगाने. बटण दाबलं की फक्त कोणती टाकायची आणि कोणती ठेवायची ते बदलतं. म्हणूनच आवाज बदलला तरी चित्र जागचं हलत नाही.

आता हिशेब. डीव्हीडीवरची कॉमेंट्री बहुधा स्टिरिओ डॉल्बी डिजिटलमध्ये, सेकंदाला १९२ किलोबिट या दराने असते. दोन तासांचे सेकंद ७,२००. गुणाकार करून ८ ने भागलं की उत्तर येतं सुमारे १७३ एमबी. दुपदरी, म्हणजे माहितीचे दोन थर असलेल्या डीव्हीडीची क्षमता ८.५ जीबी, तेव्हा कॉमेंट्रीने खाल्ली जेमतेम २ टक्के जागा. चित्र सेकंदाला ६ मेगाबिट दराने धरलं तर एवढ्या जागेत चार मिनिटांचंही चित्र मावत नाही. दोन तासांचं बोलणं चार मिनिटांच्या चित्राच्या भावात. जागा नव्हती म्हणून कॉमेंट्री दिली नाही, ही सबब डीव्हीडीच्या काळात कोणालाच देता येणार नव्हती.

एक गोम आहे. साधा डीव्हीडी प्लेअर एका वेळी एकच ध्वनिपट उलगडतो, दोन एकत्र मिसळत नाही. त्यामुळे कॉमेंट्रीच्या पटात नुसतं बोलणं ठेवून भागत नाही, मागे चित्रपटाचा आवाजही त्यातच आधी मिसळून ठेवावा लागतो. बोलणारा बोलत असताना तो आवाज दाबायचा, तो गप्प झाला की वर आणायचा, हे सगळं स्टुडिओत मिक्सिंग करणारा माणूस हाताने करतो. बारकाईने ऐकलंत तर हे चढउतार कळतात. घाईत मिक्स केलेल्या कॉमेंट्रीत पात्राचं अर्धं वाक्य ढणकन वर येतं आणि दिग्दर्शकाने पुन्हा तोंड उघडलं की गडप होतं. २००६ मध्ये आलेल्या ब्लू-रेच्या नियमांत दुय्यम ध्वनिपट चालू असतानाच मूळ आवाजात मिसळायची, आणि चित्राच्या कोपऱ्यात दुसरं छोटं चित्र दाखवायची सोय झाली. दुपदरी ब्लू-रेची क्षमता ५० जीबी. जागेचा प्रश्न त्यानंतर बोलायचासुद्धा उरला नाही.

(चित्रपटाच्या मध्यावर काही प्लेअर क्षणभर थबकतात, तोही दोष नव्हे. लेझर पहिल्या पदरावरून दुसऱ्यावर जात असतो.)

चांगली कॉमेंट्री कशी ओळखायची

रेकॉर्डिंगची पद्धत साधी आहे. स्टुडिओत पडद्यावर चित्रपट लावतात, बोलणाऱ्याच्या कानांवर हेडफोन, समोर माइक. काही जण एका बैठकीत सलग बोलतात, काहींचं बोलणं दोन-तीन बैठकांतून कापून जोडतात. अभ्यासक बहुधा लिहून आणतात. दोन तास, मिनिटाला १३० शब्द धरले तर १५ हजारांवर शब्द होतात. छोटं पुस्तकच म्हणा, आणि त्यातलं प्रत्येक वाक्य विशिष्ट शॉट पडद्यावर असतानाच पडायला हवं.

याचा नमुना म्हणून रॉजर इबर्ट या अमेरिकन समीक्षकाची 'सिटिझन केन'वरची कॉमेंट्री ऐकावी. २००१ च्या डीव्हीडीवर ती आहे. त्या चित्रपटात एक दृश्य आहे. नायक केन आर्थिक अडचणीत आलाय आणि आपल्या धंद्यावरचा ताबा सोडण्याच्या कागदांवर सही करणार आहे. मागे भिंतीत खिडक्या दिसतात, नेहमीच्या आकाराच्या, नेहमीच्या उंचीवर. मग केन बोलत बोलत मागे चालत जातो आणि खिडक्यांपाशी पोचतो तेव्हा लक्षात येतं की त्यांची कड त्याच्या डोक्याच्याही वर आहे. खिडक्या अवाढव्य आहेत, खोली खूप खोल आहे, आणि एवढा मोठा माणूस बघता बघता पोराएवढा झालाय. मग परत पुढे येताना तो पुन्हा मोठा होतो. कॅमेरा जवळचं आणि लांबचं सारखंच स्पष्ट दाखवतो म्हणून डोळा फसतो. किंवा याच चित्रपटातली छतं घ्या. कॅमेरा खालून लावल्यामुळे छत दिसतं, पण ते ताणलेलं कापड आहे, आणि आवाज टिपणारे माइक त्या कापडाच्या वर लपवलेले आहेत. चित्रपट चारदा पाहिलेल्या माणसाच्याही हे ध्यानात येईलच असं नाही. शॉट समोर असताना कोणी बोट ठेवून दाखवलं तर मात्र जन्मभर विसरत नाही. लेखात किंवा मुलाखतीत हीच माहिती वाचली तर ती नुसती माहिती राहते.

दिग्दर्शकांच्या कॉमेंट्रीबद्दल माझं मत जरा कडक आहे. निम्मे दिग्दर्शक सगळ्यांची आरती ओवाळतात: अमुक अप्रतिम, तमुकबरोबर काम करणं म्हणजे भाग्य. काही जण आपलाच चित्रपट पाहण्यात गुंगून दहा-दहा मिनिटं गप्प बसतात. नटांचा घोळका बसवला तर हशा भरपूर आणि हाती काही नाही. कान टवकारावेत ते तंत्रज्ञांसाठी. ध्वनिलेखक, संकलक, कला-दिग्दर्शक, कपडेपटवाला. यांना कोणी मुलाखतीला बोलावत नाही, म्हणून यांच्याजवळ न सांगितलेलं पुष्कळ साठलेलं असतं. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या पहिल्या भागाची वाढीव आवृत्ती २००२ मध्ये चार डिस्कवर आली, तिच्यावर चार वेगवेगळ्या कॉमेंट्री आहेत: लेखक-दिग्दर्शकांची, कला विभागाची, निर्मिती आणि तांत्रिक मंडळींची, आणि नटांची. मला विचाराल तर दुसरीपासून सुरू करा.

मोकळेपणाने बोलण्याची किंमतही मोजावी लागते. १९९१ मध्ये क्रायटेरियनने सुरुवातीच्या तीन जेम्स बाँडपटांच्या लेझरडिस्क कॉमेंट्रीसह काढल्या आणि निर्मात्यांच्या हरकतीमुळे त्या मागे घ्याव्या लागल्या. कॉमेंट्री सुरू होण्याआधी 'ही मतं बोलणाऱ्याची आहेत, कंपनीची नव्हेत' अशी पाटी अनेक डिस्कवर येते, ती अशाच धास्तीपोटी.

बाकीचा बोनस: काय पाहावं, काय सोडावं

'मेकिंग' या नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक प्रसिद्धीची फिल्म. चित्रीकरण चालू असतानाच प्रचार विभाग ती बनवतो, टीव्ही वाहिन्यांना वाटायला. पाच-दहा मिनिटं, प्रत्येक जण प्रत्येकाची स्तुती करतो, मधे मधे ट्रेलरचे तुकडे. सोडून द्या. दुसरा असतो खरा माहितीपट, ज्यात भांडणं, उशीर, फसलेले प्रयोग सगळं दिसतं. 'लगान'च्या कच्छमधल्या चित्रीकरणावर सत्यजित भटकळ यांनी केलेला 'चले चलो' हा त्या जातीचा. त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

या प्रकाराचा आपल्याकडचा मूळपुरुष शोधायला फार लांब जायला नको. दादासाहेब फाळक्यांनी १९१७ मध्ये चित्रपट कसे तयार करतात हे दाखवणारी छोटी फिल्म केली. तिच्यात ते स्वतः नटांना सूचना देताना, फिल्म तपासताना दिसतात. 'राजा हरिश्चंद्र'ला तेव्हा चारच वर्षं झाली होती. डिस्क नाही, टीव्ही नाही, रेडिओसुद्धा नाही, आणि या माणसाला पडद्यामागचं दाखवावंसं वाटलं होतं.

वगळलेली दृश्यं पाहताना ती भुरकट का दिसतात, कोपऱ्यात आकडे का पळत असतात, असं वाटतं. ती संकलनाच्या टेबलावरच बाहेर काढलेली असतात. पुढचे संस्कार, म्हणजे रंगजुळणी, पार्श्वसंगीत, आवाजाचं मिक्सिंग, त्यांच्यावर झालेलेच नसतात. ते आकडे म्हणजे टाइमकोड, तास-मिनिटं-सेकंद-फ्रेम. दृश्य छान असूनही का काढलं हे सोबत सांगितलेलं असेल तरच त्यात राम आहे.

संगीताचा वेगळा पट मात्र जरूर ऐका, आणि गाण्याचा कान असलेल्यांनी तर ऐकाच. चित्रपटाचा आवाज बनतो तेव्हा संवाद, संगीत आणि बाकीचे आवाज असे तीन गठ्ठे वेगळे ठेवतात, परभाषेत डबिंग करताना संवादांचा गठ्ठा तेवढा बदलता यावा म्हणून. त्यातला संगीताचा गठ्ठा स्वतंत्र ध्वनिपट म्हणून काही डिस्कवर देतात. संवाद बंद, फक्त पार्श्वसंगीत, आणि चित्र चालू. लता मंगेशकर २८ सप्टेंबर १९२९ ला आमच्या इंदुरात जन्मल्या, याचा अभिमान गावाला आहेच. पण त्यांच्या गाण्यांतलं व्हायोलिन कुठे शिरतं, बासरी कुठे थांबते, हे ठरवणारे अनिल मोहिले यांच्यासारखे संगीत-संयोजक २०१२ मध्ये गेले. अशा माणसाला गाणं चालू ठेवून माइकसमोर बसवायला हवं होतं, 'आता ऐका, इथे चेलो येतोय' असं सांगायला.

जुन्या चित्रपटांच्या डिस्कवर दुरुस्तीचा माहितीपट असेल तर तो चित्रपटाच्याही आधी पाहिलात तरी चालेल. जुलै १९९३ मध्ये लंडनच्या हेंडरसन्स प्रयोगशाळेला आग लागली आणि सत्यजित रे यांच्या अपू चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्हा त्यात होरपळल्या. त्या कामातून गेल्या असंच धरलं होतं, पण अमेरिकेच्या ऑस्कर अकादमीच्या संग्रहाने ते जळके डबे टाकून दिले नाहीत. वीस वर्षांनी इटलीतल्या बोलोन्याच्या प्रयोगशाळेत त्या कडक, चिकटलेल्या फिती पुन्हा ओलावा देऊन सैल केल्या, हाताने साफ केल्या, फितीच्या कडेची फाटलेली भोकं जुळवली. जिथे काहीच वाचलं नव्हतं तिथे दुसऱ्या प्रतींतून भाग घेतले. त्या त्रयीतला पहिला, 'पथेर पांचाली', २०१५ पासून जो लखलखीत आपण पाहतो तो हा.

मग आपल्याकडे हे रुजलं का नाही?

कारण आपण डीव्हीडीकडे व्हीसीडीच्या वाटेने आलो. व्हीसीडी म्हणजे साधी सीडीच, एकीवर ७४ ते ८० मिनिटं. हिंदी चित्रपट दोन किंवा तीन डिस्कवर. आवाजाला एकच स्टिरिओ जोडी. हाँगकाँगकडे लोक त्यातही डाव्या वाहिनीवर एक भाषा आणि उजवीवर दुसरी अशी युक्ती करत, पण आपल्या बाजारात व्हीसीडीचा एकच गुण पाहिला जाई, स्वस्ताई. २००७ मध्ये मोझर बेअर या कंपनीने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी आणली तेव्हा घराघरांत अस्सल डिस्क पोचल्या, हे मोठंच काम झालं. पण ३४ रुपयांत दिग्दर्शकाला स्टुडिओत कोण बसवणार?

त्यात 'एका डिस्कमध्ये तीन चित्रपट' हा आपला लाडका माल. हिशेब करून पाहा. एकपदरी डीव्हीडी ४.७ जीबीची. अडीच तासांचे तीन चित्रपट म्हणजे २७,००० सेकंद. भागाकार केला की सेकंदाला १.४ मेगाबिटच्या आसपास येतं. व्हीसीडीचा दरही एवढाच! डीव्हीडीच्या नावाने व्हीसीडीइतकाच डेटा आपण विकत घेत होतो. त्या गर्दीत दोन टक्क्यांची कॉमेंट्रीसुद्धा अडगळ ठरली असती.

भाचीला हे सगळं सांगत होतो. तिचा जन्मच स्ट्रीमिंगच्या जमान्यातला. ती म्हणाली, "मामा, मग ओटीटीवर का देत नाहीत? तिथे तर जागाच जागा आहे."

प्रश्न रास्त आहे. ओटीटीवर चित्र एकीकडे आणि प्रत्येक भाषेचा आवाज वेगळा साठवलेला असतो. तुम्ही तेलुगू निवडली की फक्त तेलुगू आवाजाचे तुकडे तुमच्या फोनवर येतात. पाच भाषांच्या खाली सहावी ओळ 'दिग्दर्शकाची कॉमेंट्री' अशी टाकायला तंत्राची काहीच अडचण नाही. अडचण करारात असते. कॉमेंट्री करून घेते डिस्क काढणारी कंपनी, तेव्हा हक्कही बहुतेक वेळा तिच्याकडे किंवा स्टुडिओकडे. ओटीटी ठरावीक वर्षांसाठी चित्रपट भाड्याने घेते, त्या कागदांत कॉमेंट्रीचा उल्लेखच नसतो. आणि त्याहून मोठं कारण गल्ल्याचं. डिस्कच्या काळात बोनस हे गिऱ्हाईक ओढायचं साधन होतं, आधी चित्रपट असलेला माणूसही नवी आवृत्ती विकत घ्यायचा. महिन्याच्या वर्गणीत एकेका चित्रपटाची विक्री उरली नाही, मग बोनसवर खर्च कशाला? अपवाद आहेत. एप्रिल २०१९ मध्ये सुरू झालेल्या क्रायटेरियन चॅनलवर अनेक चित्रपट कॉमेंट्रीसह आहेत, पण ती सेवा अमेरिका आणि कॅनडापुरती.

तेव्हा ज्यांना ऐकायचंय त्यांनी जुन्या डिस्क धुंडाळाव्यात. खोक्याच्या मागे अगदी बारीक अक्षरांत 'विशेष' मजकूर असतो, तो आधी वाचा. पृथ्वीगोलाच्या खुणेत आकडा असतो तो प्रदेशाचा: डीव्हीडीसाठी भारत ५ मध्ये येतो, अमेरिका १ मध्ये. ब्लू-रेसाठी आपण 'सी'. संगणकाच्या ड्राइव्हमध्ये हा प्रदेश पाचदाच बदलता येतो, नंतर तो कायमचा अडकतो, तेव्हा उगीच खेळू नका. व्हीएलसी प्लेअरमध्ये ऑडिओच्या मेनूत ध्वनिपटांची यादी दिसते. त्यातल्या एकाच भाषेच्या दोन ओळी दिसल्या तर दुसरी बहुधा कॉमेंट्री. सबटायटल चालू ठेवा, म्हणजे पात्रं काय बोलताहेत ते वाचता येतं आणि कान मोकळे राहतात. आणि न पाहिलेला चित्रपट कॉमेंट्रीसह कधीही लावू नका, दहाव्या मिनिटाला शेवट फोडतात.

घरच्या घरी

मराठी चित्रपटांसाठी कोणी कंपनी येऊन हे करील अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. सानंद या इथल्या मराठी सांस्कृतिक संस्थेच्या नाट्यप्रयोगांना मुंबई-पुण्याहून जी नट-तंत्रज्ञ मंडळी इंदुरात येतात, त्यांतल्या अनेकांनी चित्रपटांतही काम केलेलं असतं. राजेंद्र नगरात, रामबागेत घरोघरी उत्तम बोलणारे, बारकाईने पाहणारे रसिक आहेत. एक फोन, एक टीव्ही आणि दोन तास एवढ्यात कॉमेंट्री होते. फक्त तुमचा आवाज वेगळा रेकॉर्ड करा, चित्रपटाचा आवाज त्यात घेऊ नका. बोलणाऱ्याने चित्रपट हेडफोनवर ऐकावा, म्हणजे रेकॉर्डिंगही स्वच्छ येतं आणि दुसऱ्याच्या मालकीचा ध्वनिपट वाटत फिरल्याचं लचांडही मागे लागत नाही. ऐकणारा चित्रपट आपल्या जागी लावील आणि तुमचा आवाज शेजारी फोनवर.

दोन्ही एकत्र सुरू कसे करायचे? यासाठी आपल्या चित्रपटांना एक आयती खूण आहे: सेन्सॉरचं प्रमाणपत्र. ते पडद्यावर दिसेनासं झालं त्या क्षणी टाळी वाजवा किंवा 'सुरू' म्हणा. जुन्या प्रमाणपत्रावर लांबी मीटरमध्ये दिलेली असते, तीही टिपून घ्या. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला सुमारे २७.४ मीटर धावते, तेव्हा ४,००० मीटरचा चित्रपट १४६ मिनिटांचा हवा. तुमच्याकडची प्रत १४० मिनिटांची निघाली तर दोन शक्यता: मधे काहीतरी कापलंय, किंवा प्रत वेगाने पळतेय.

पळते म्हणजे काय, तेही सांगतो, कारण घरच्या कॉमेंट्रीचा सगळ्यात मोठा शत्रू हाच. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमने चित्रित होतो. आपल्याकडच्या टीव्हीची पाल पद्धत २५ फ्रेमची. त्या पद्धतीच्या डीव्हीडीवर चित्रपट बहुधा सरळ २५ ने पळवतात, चार टक्के जलद, आवाजही किंचित चढा. १४६ मिनिटांचा चित्रपट १४० मिनिटांत संपतो. ब्लू-रेवर तोच चित्रपट २४ ने चालतो. तुम्ही डीव्हीडी लावून बोललात आणि ऐकणाऱ्याने ब्लू-रे लावली, तर तासाभरात दोघांत जवळजवळ अडीच मिनिटांचा फरक पडेल. तुम्ही नायिकेच्या साडीचा रंग समजावताय आणि पडद्यावर अजून खलनायकाचं जेवण चाललंय. म्हणून दर वीस मिनिटांनी पडद्यावरची एखादी ठळक खूण बोलून दाखवा, 'आता गाडी फलाटावर थांबली' अशी, म्हणजे ऐकणाऱ्याला थांबवून पुन्हा जुळवून घेता येईल. आणि फाइलच्या नावातच लिहून ठेवा: कोणता चित्रपट, कोणत्या कंपनीची डिस्क, एकूण किती मिनिटांची प्रत.